बकुळेच्या आजाराचे सहाशे सतरा साक्षीदार

सरकारला काही कळवायचं असेल तर ते आधी चाळीत कुणाला सांगू नये, असं माझं वर्षानुवर्षांचं मत होतं. अठ्ठावन्न सालच्या त्या आठवड्यात ते बदललं. चाळीला कळल्याशिवाय सरकारला काही कळतच नाही, असं माझं हल्लीचं मत आहे, आणि ते मी कुणालाही छातीठोकपणे सांगायला तयार आहे. फक्त त्या वेळी पद्मजा समोर नसावी. पद्मजा म्हणजे माझी बायको. या प्रकरणात तिचं म्हणणं वेगळं आहे आणि दुर्दैवानं ते बरोबर आहे.

प्रभादेवीला आमच्या वाडीच्या तोंडाशी मारुतीचं देऊळ. देवळाच्या बाहेर रखमाबाई आपली गाय घेऊन बसायची. शेजारी हिरव्या चाऱ्याच्या पेंड्या रचलेल्या. येणाऱ्याजाणाऱ्यानं एक पेंडी घ्यावी, गाईला घालावी, तिच्या पाठीला हात लावून तो कपाळाला लावावा आणि पुण्य पदरात पाडून कामावर जावं, अशी सोय होती. मुंबईत गाय पाळायला जागा आहे कुणाकडे? तेव्हा त्या एकाच गाईवर अख्ख्या वाडीचं पुण्य चालायचं. गाईचं नाव बकुळा. रखमाबाईचा नवरा गिरणीत होता. तो गेल्यावर बाईचं पोट या गाईवरच होतं. रात्री बकुळा लोअर परळच्या कुशाबाच्या गोठ्यात, त्याच्या चाळीस म्हशींच्या पलीकडे एका कोपऱ्यात बांधलेली असायची.

एका शनिवारी मी पेंडी घेतली आणि बकुळेच्या तोंडापुढं धरली. तिनं तोंड फिरवलं.

मी दुखावलो, खोटं कशाला सांगू? विमा कंपनीत बारा वर्षं पत्रव्यवहार सांभाळतो आहे, तिथं माझ्याकडे कुणी ढुंकून बघत नाही, ते मी सहन करतो. पण गाईनंसुद्धा? मी पेंडी दुसऱ्या बाजूनं धरली. तिनं पुन्हा तोंड फिरवलं. मग माझं लक्ष गेलं. तिच्या तोंडातून लाळेची तार थेट जमिनीपर्यंत लोंबत होती, ओठ मिटताना मचमच आवाज होत होता आणि ती एक पाय उचलून दुसऱ्यावर भार टाकत होती.

इथं मला एका पुडीबद्दल सांगावं लागेल. आदल्याच आठवड्यात मी खारे दाणे घेतले, ते ज्या कागदात बांधून मिळाले तो कागद 'गुरांचे सांसर्गिक रोग' नावाच्या सरकारी पुस्तिकेचा होता. छापील मजकूर वाचल्याशिवाय टाकायचा नाही असा माझा नियम आहे. त्यात लाळ-खुरकत नावाच्या रोगाची लक्षणं दिली होती : लाळ गळणे, मचमच आवाज, लंगडणे, चारा न खाणे. शेवटचं वाक्य असं होतं : 'असे आढळल्यास सुजाण नागरिकाने विनाविलंब जवळच्या' आणि पुढं कागद फाटलेला. जवळच्या कुणाला काय करायचं, ते दाणेवाल्याच्या पुढच्या गिऱ्हाइकाकडे गेलं असणार. पण 'सुजाण नागरिक' एवढं माझ्या वाट्याला आलं होतं आणि ते मनात घर करून बसलं.

"रखमाबाई," मी म्हटलं, "गाईला लाळ-खुरकत झाली आहे."

"दोन दिस जेवत नाय हो," ती म्हणाली. "मला वाटलं नजर लागली. आता काय करायचं, भाऊ?"

"काही काळजी करू नका. मी सरकारला कळवतो."

घरी येऊन पद्मजाला सांगितलं. ती पोळ्या लाटत होती. मान वरसुद्धा न करता म्हणाली, "परळला गुरांचा दवाखाना आहे ना? चालवत न्या की गाय. हळूहळू नेली तरी तासाभराचा रस्ता."

बायकांची नजर नेहमी अशी एका जनावरापुरतीच असते. मी तिला समजावलं की हा सांसर्गिक रोग आहे, प्रश्न सार्वजनिक आहे, आणि सार्वजनिक प्रश्न गळ्यात दावं बांधून ओढत नेता येत नाही. त्याला पत्र लिहावं लागतं. ती म्हणाली, "लिहा. गाय वाचून बरी होईल." आणि पोळी उलटली.

रविवार माझा मसुदा करण्यात गेला. आमच्या शेजारी नाना राहतात, पोस्टातून निवृत्त झालेले. आमच्या चाळीतलं कुठलंही पत्र नानांच्या हाताखालून गेल्याशिवाय पेटीत पडत नाही. अर्ज असो, तक्रार असो, स्थळाला द्यायचा नकार असो. नानांनी चष्मा लावून माझा इंग्रजी मसुदा वाचला आणि पेन्सिल मागितली.

"जगदीश, तू नुसतं कॉन्टेजियस लिहिलं आहेस."

"पुरे नाही का?"

"अरे, नुसत्या कॉन्टेजियसला कोण उठतो? हायली कॉन्टेजियस लिही. मी तीस वर्षं सरकारी टपाल वाहिलंय. हायली असल्याशिवाय सरकार खुर्चीवरून हलत नाही."

मी 'हायली' घातलं. वाचताना अंगावर काटा आला. एवढं भारदस्त पत्र मी कंपनीसाठीसुद्धा कधी लिहिलं नव्हतं.

सोमवारी अर्ध्या दिवसाची रजा काढून मी स्वतः कचेरीत गेलो. कुठली कचेरी ते सांगत नाही, तिथल्या लोकांनाही बायकामुलं आहेत. हेडक्लार्क गालात लवंग धरून बसले होते. त्यांनी पत्रावर आवकचा शिक्का मारला, नंबर घातला, आणि मग ते वाचलं. हा क्रम लक्षात ठेवा.

"हायली कॉन्टेजियस हे आपण लिहिलंत?"

"मीच," मी मान किंचित खाली घालून म्हटलं. कौतुक होताना माणसानं विनयानं वागावं.

"मग आता हे जनावर जागेवरून हलवायचं नाही. रस्त्यानं नेलंत तर गुन्हा होईल."

"पण परळच्या दवाखान्यात न्यायचं म्हटलं तर..."

"पत्र द्यायच्या आधी नेलं असतंत तर कोण विचारत होतं? आता आमच्याकडे नोंद झाली."

मला पोळी उलटणारी पद्मजा दिसली. मी चटकन म्हटलं, "मग डॉक्टरांना तिकडे पाठवा."

"पाठवू की. पण खबर मिळाल्याशिवाय डॉक्टर कसा पाठवणार?"

"मग हे माझ्या हातचं काय आहे?"

"हे पत्र आहे. खबर ठरलेल्या फॉर्मवर असते." त्यांनी कपाटाच्या तळातून एक फॉर्म काढून झटकला. त्यात तेवीस रकाने होते. तिसरा रकाना जनावराच्या पत्त्याचा. मी म्हटलं, ही गाय दिवसा प्रभादेवीला देवळापाशी असते आणि रात्री लोअर परळच्या गोठ्यात. त्यांनी लवंग या गालातून त्या गालात नेली.

"देऊळ एका हद्दीत, गोठा दुसऱ्या हद्दीत. जनावर आजारी कधी पडलं, दिवसा की रात्री?"

"ते गाईला विचारायला हवं."

"तुम्ही चेष्टा करताय, पण उद्या दोन्हीकडचे डॉक्टर म्हणतील ही आमची गाय नव्हे. आत्ता कुठं आहे ती?"

"गोठ्यात. आज तिला बाहेर आणलीच नाही."

"मग गोठा लिहा. आणि खाली दोन साक्षीदारांच्या सह्या आणा. आजारी जनावर स्वतःच्या डोळ्यांनी बघितलेले, सज्ञान आणि प्रतिष्ठित. कमीत कमी दोन."

मी फॉर्मची घडी खिशात घालून थेट गोठ्यावर गेलो. कुशाबा दारात उभा होता. साताऱ्याकडचा माणूस, भरघोस मिशा, आणि आवाज असा की म्हशी बिचकाव्यात.

"गाय घिऊन जावा हितनं," तो म्हणाला. "माज्या चाळीस म्हशी हाईत. रोग पसरला तर मी काय करू?"

"गाय हलवता येत नाही. गुन्हा आहे."

"कुनी सांगितलं?"

"सरकारनं."

"सरकारला कुनी सांगितलं?"

यावर मी देवळाच्या दिशेला बघितलं. कुशाबा म्हणाला, "सुक्कीरवारपातुर वाट बघतो. सुक्कीरवारी सांजच्याला सरकारी डाक्टर हितं उभा ऱ्हायला तर ठीक. न्हाई तर गाय भाईर. वांद्र्याचा मानूस येऊन बघून गेलाय, त्यो उचलंल तिला."

वांद्र्याचा माणूस म्हणजे कसायाचा दलाल, हे मुंबईत कुणाला सांगावं लागत नाही. रखमाबाई आत बकुळेच्या तोंडाशी पेजेचं भांडं धरून बसली होती. ती पेज पद्मजानं पाठवली होती, मला न सांगता. रखमाबाई माझ्याकडे बघून शांतपणे म्हणाली, "भाऊ, तुमी भल्यासाठीच केलंत. पन आता काय तरी करा. हिच्याशिवाय मला कोन नाय."

ती चिडली असती, चार शिव्या दिल्या असत्या, तर मला बरं वाटलं असतं. माझ्या एका शब्दापायी, तोही नानांनी सुचवलेल्या, त्या बाईची गाय कसायाच्या दारात उभी होती. त्या दिवशी मला जेवण गेलं नाही. पद्मजानं माझं ताट तसंच झाकून ठेवलं, आणि लग्नाला दहा वर्षं झालेल्या माणसाला त्याचा अर्थ कळतो.

मंगळवारी तेवीस रकाने भरण्यात दिवस गेला. बुधवारी संध्याकाळी साक्षीदार गाठायचे होते. दोनच तर हवे होते! एक नाना होतेच. पण नानांनी आधी प्रतिष्ठित म्हणजे काय यावर चर्चा सुरू केली. त्यांच्या मते तळमजल्यावर प्रतिष्ठित माणूस एकही नव्हता. हे तळमजल्यानं ऐकलं. ती भांडाभांडी मिटवण्यात अर्धा तास गेला. शेवटी मी म्हटलं, नाना, तुम्ही सही करा, दुसरी मी कुणाचीही घेतो.

सही करायला टेबल हवं. आमच्या वाडीत चार पाय शाबूत असलेलं टेबल एकच, समितीचं. वाडीच्या चौकात, संयुक्त महाराष्ट्राच्या फलकाखाली ते कायम मांडलेलं असायचं. त्यावर शाईची दौत, अंगठ्यासाठी पॅड, सगळी व्यवस्था. ते दिवसच तसे होते. दोन वर्षं आमची वाडी सह्याच करत होती. निवेदन, निषेध, मागणीपत्र, पाठिंबा. टेबलामागं कुणी कागद घेऊन बसलेला दिसला की लोक चप्पल घालून खाली उतरायचे.

मी त्या टेबलाशी बसलो. फॉर्म सरळ केला. नानांनी लफ्फेदार सही केली आणि वर मान केली तर समोर सतरा माणसं रांगेत उभी होती.

सगळ्यात पुढं लवू होता. गिरणीत साच्यावर, म्हणजे मागावर, काम करणारा, मालवणकडचा, समितीचा आमच्या वाडीतला बिनीचा कार्यकर्ता. त्यानं बाह्या वर केल्या. "सही खंय करूची?"

"लवू, हे त्यातलं नाही. हे गाईचं आहे."

"असांदे गाईचा. सरकाराकच देवचा मा?"

"सरकारलाच, पण..."

"मगे झाला तर!" आणि त्यानं ठसठशीत सही केली. मागं वळून ओरडला, "येवा रे सगळे! रांग मोडू नकात!"

मी उठून उभा राहिलो. रांगेला उद्देशून सांगितलं की हा रोगाच्या खबरीचा अधिकृत फॉर्म आहे, त्याला दोनच साक्षीदार लागतात आणि ते झाले. रांगेतून कुणीतरी म्हणालं, मुंबई आमचीच आहे. मी म्हटलं, मुंबईबद्दल वाद नाही. लगेच टाळ्या झाल्या. मी काकुळतीला येऊन लवूला म्हटलं, "अरे, साक्षीदारानं जनावर स्वतःच्या डोळ्यांनी बघितलेलं असायला हवं!"

लवूनं माझ्याकडे असं बघितलं की जणू मीच परगावचा. "बकुळेक कोणी बघूक नाय? ह्या वाडयेत असो एक माणूस दाखव, जेना तिका चारो घालूक नाय. दोनच कित्याक होये तुका? आमची साक्ष काय खोटी?"

खरंच होतं ते. सगळ्यांनी तिला बघितली होती. कित्येकांनी तिची लाळ माझ्याआधी बघितली होती, फक्त त्यांच्या हातात दाण्याची पुडी पडली नव्हती. कमळाबाई नावाची ऐंशीच्या घरातली म्हातारी काठी टेकत आली, अंगठा उठवला, आणि पुन्हा रांगेच्या शेवटी जाऊन उभी राहिली. मी म्हटलं, आजी, तुमचा झाला. ती म्हणाली, "तो समितीचा रे. हा बकुळेचा." दोनदा सांगूनही ऐकेना, तेव्हा दुसरा अंगठा मी मोजला नाही. दिवेलागणीपर्यंत फॉर्मला नऊ कागद डकवावे लागले होते. नानांनी मोजदाद केली. सहाशे सतरा.

गुरुवारी ती गुंडाळी मी हेडक्लार्कच्या टेबलावर उलगडली. ती टेबलावरून खाली गेली आणि खुर्चीच्या पायापर्यंत पोचली. हेडक्लार्क लवंग चघळायचे थांबले.

"हे काय आहे?"

"साक्षीदार. कमीत कमी दोन म्हणाला होतात."

त्यांनी एक टोक उचलून बराच वेळ नावं वाचली. मग त्यांच्या चेहऱ्यावर हसू आलं. ते हसू मी ओळखतो, आमच्या कंपनीतही क्लेम नाकारताना तसंच येतं. "छान. आता या साक्षीदारांची ओळख पटवावी लागेल. उद्या कचेरीच्या वेळात सर्वांना जातीनं हजर करा. एकही कमी चालणार नाही. सगळे झाले की खबर आली असं धरू."

मी गुंडाळी काखेत मारून बाहेर पडलो. उद्या शुक्रवार. सगळं संपलं होतं. वाडीत आलो तो लवू टेबलाशीच भेटला. मी घडलेलं सांगितलं आणि म्हटलं, "जाऊ दे, लवू. सहाशे माणसं मी कुठून हजर करू?"

लवू उडालाच. "सरकारान आमका बोलयल्यान?"

"बोलावलं असं नव्हे, टाळायला म्हणून..."

"दोन वर्सा आमी मोर्चे काढतंव, सरकार म्हणता येव नकात. आणि आता सोताहून बोलयता? वायच थांब तू!" आणि तो चाळीचाळींतून ओरडत सुटला.

शुक्रवारी पहिली पाळी सुटली आणि वाडीच्या तोंडाशी माणसं जमू लागली. गिरणीतून सुटलेले लोक कपाळावरचा कापूस झटकत तसेच आले होते. बायका मुलांना काखेत मारून आल्या होत्या. सगळे सहाशे सतरा नव्हते, पण चारशेच्या खाली नव्हते. कुणीतरी लेझीम आणली होती. मला पुढं ढकलण्यात आलं. मी कोट घातला होता, कारण मी साक्षीदार सादर करायला चाललो होतो. माझ्या मागून पहिली घोषणा झाली, "बकुळेला डॉक्टर मिळालाच पाहिजे!" आणि लगेच दुसरी, "मुंबईसह संयुक्त महाराष्ट्र झालाच पाहिजे!" मी मागं वळून म्हटलं, आज फक्त पहिली. पण लोकांना दुसरीची इतकी सवय झाली होती की दोन्ही जोडीनंच निघत होत्या. वाटेत आमच्या कंपनीचे मॅनेजर टॅक्सीतून गेले. त्यांनी मला बघितलं. मी त्यांना नमस्कार केला, तर त्याच वेळी माझा हात वर गेलेला बघून चारशे लोकांनी जय म्हटलं.

कचेरीच्या खिडक्या एकेक करून बंद झाल्या. दारावरच्या शिपायानं आतून कडी लावली. पाच मिनिटांत पोलीस आले. इन्स्पेक्टर काठी बगलेत धरून माझ्यापुढं उभे राहिले. आयुष्यात माझा पोलिसांशी संबंध म्हणजे एकदा सायकलला दिवा नव्हता तेवढाच.

"पुढारी कोण?"

मला वाटलं नव्हतं, पण माझ्याच तोंडून शब्द आले, "मी. पण पुढारी नव्हे. सुजाण नागरिक."

"मागणी काय?"

"गाईला डॉक्टर."

"आणि?"

"आणि काही नाही. या कचेरीनं साक्षीदार हजर करायला सांगितले होते. ते हजर आहेत." मी गुंडाळी त्यांच्या हातात दिली. त्यांनी ती उलगडली. रस्त्यावर दोन हवालदारांना टोकं धरावी लागली. इन्स्पेक्टरांनी पहिला कागद वाचला, तेवीस रकाने वाचले, लाळेचा रकाना पुन्हा वाचला. मग त्यांनी काठीनं दार ठोठावलं.

मोठे साहेब बाहेर आले. भले गृहस्थ होते, पांढरे बूट घातलेले. त्यांना यातलं काहीच माहीत नव्हतं. इन्स्पेक्टर म्हणाले, "साहेब, तुमच्याकडे जनावरांचा डॉक्टर आहे का?"

"आहेत तर. मागच्या खोलीत बसलेत."

"काय करताहेत?"

"काय करणार? तीन महिन्यांत एक खबर आलेली नाही. मुंबईत रोगच नाही."

हे ऐकून मी हेडक्लार्ककडे बघितलं. ते साहेबांच्या मागं उभे राहून छताकडे बघत होते. साहेबांनी हाक मारली आणि मागच्या खोलीतून पंचविशीचा एक डॉक्टर बॅग घेऊन इतका धावत आला, की त्याचा एक बूट बांधायचा राहिला होता. "कुठं आहे? काय आहे? लाळ आहे? पाय उचलतं?" तो मलाच विचारत सुटला. आठवड्यात प्रथमच माझं कुणी नीट ऐकून घेत होतं. मला गहिवरून आलं.

साहेबांच्या जीपमध्ये डॉक्टर, साहेब, हेडक्लार्क आणि मी. पुढं पोलिसांची गाडी, मागं लेझीम. लोअर परळला आम्ही असे पोचलो. गोठ्याच्या दारात वांद्र्याचा माणूस दोर घेऊन खरोखरच उभा होता. पोलिसांची गाडी, जीप आणि मागचा समुदाय बघून त्यानं दोर खिशात घातला आणि तो रस्ता ओलांडून पानाच्या दुकानाशी उभा राहिला.

डॉक्टर बकुळेपाशी बसला. तिचं तोंड उघडून बघितलं, खूर बघितले, आणि मान हलवली. "लाळ-खुरकतच. अगदी बरोबर ओळखलंत." हे वाक्य तो मोठ्यानं बोलला, आणि ते पद्मजानं ऐकलं. ती पेजेचं भांडं घेऊन तिथंच उभी होती. "तोंडातले फोड भरत आलेत. हिला पेज कुणी घातली? पेजेनं तगली ही. आणखी दहाबारा दिवसांत चारा खाईल."

मग तो उठून म्हशींकडे गेला. कुशाबा आडवा आला, "म्हशीस्नी काय न्हाई, डाक्टर. समदं त्या गाईचं." डॉक्टरनं त्याला हातानं बाजूला सारलं आणि कंदील मागितला. पहिली म्हैस, दुसरी, तिसरी. अगदी शेवटच्या टोकाला एक म्हातारी म्हैस होती, तिचा खूर उचलून तो बराच वेळ बघत राहिला.

"ही लंगडत होती ना? वीसेक दिवसांपूर्वी?"

कुशाबा शेजारच्या म्हशीचं दावं सोडून पुन्हा बांधू लागला.

"खूर भरून आलेत. म्हणजे रोग आधी हिला झाला. गाईला हिच्याकडून लागलाय. तू कळवलं का नाहीस?"

चारशे लोकांनी कुशाबाकडे बघितलं. रखमाबाईला पाच दिवस बोल लावणारा तो माणूस मिशा चाचपत जमिनीकडे बघू लागला. लवू कमरेवर हात ठेवून म्हणाला, "मेल्या, म्हशीचो रोग गाईच्या नावार घालतंस?"

आता चारशे लोकांनी कुशाबाकडे बघितलं म्हणजे ते गोठ्यात उभे होते, हे डॉक्टरच्या उशिरा लक्षात आलं. तो एकदम ओरडला, "अहो, तुम्ही सगळे आत कसे आलात? हा रोग चपलांवरून पसरतो! कुणीही बाहेर पाऊल टाकायचं नाही!"

मग पुढचा तासभर आमच्या वाडीच्या इतिहासात नोंदला जावा असा गेला. गोठ्याच्या दारात पाणी पाजायची लांबलचक डोणी आडवी ठेवली. तिच्यात कढत पाणी आणि धुण्याचा सोडा ओतला. आणि चारशे साक्षीदार एकामागून एक, चपलांसकट, त्यातून चालत बाहेर पडले. डॉक्टर काठावर उभा राहून "घोटा बुडू द्या, घोटा!" असं ओरडत होता. नानांनी धोतर दोन्ही हातांनी वर धरून आधी पाण्याचं तापमान विचारलं. इन्स्पेक्टर बुटांसकट गेले. साहेबांनी आपल्या पांढऱ्या बुटांकडे एकदा दुःखानं बघितलं आणि तेही गेले. हेडक्लार्क म्हणाले, मी आत आलोच नव्हतो, दारातच होतो. डॉक्टर म्हणाला, साक्षीदार आहे का? चारशे हात वर झाले. हेडक्लार्क पायमोज्यांसकट उतरले आणि बाहेर येईपर्यंत त्यांनी लवंग गिळली होती.

मी शेवटून दुसरा. शेवटची पद्मजा. सोड्याच्या पाण्यातून चालताना ती हळूच म्हणाली, "हात द्या, घसरतंय." दहा वर्षांत तिनं चारचौघांत माझा हात प्रथमच धरला होता.

डॉक्टरनं मग बॉनेटवर कागद ठेवून तिथल्या तिथं हुकूम लिहिला आणि मोठ्यानं वाचला. या गोठ्यात रोग आहे. एकवीस दिवस इथलं एकही जनावर आत-बाहेर होणार नाही. रोज डॉक्टर येऊन बघतील. निरोगी म्हशींना उद्या लस टोचली जाईल.

रखमाबाई आत बकुळेजवळच उभी होती. तिनं ऐकलं, पण तिचा विश्वास बसेना. "म्हंजे एकवीस दिस हिला हितनं कोन काडू शकत नाय?"

"कुणी नाही," डॉक्टर म्हणाला.

"कुशाबा पन?"

"तो तर नाहीच. काढली तर त्याच्यावर खटला."

"आनि तो दोरवाला?"

"त्यानं आत पाऊल टाकलं तर त्याच्यावरही. इथं इन्स्पेक्टर साहेब उभे आहेत."

ज्या नियमानं गाय अडकली होती, त्याच नियमानं ती आता कुणाला हात लावता येणार नाही अशी सुरक्षित झाली होती. मी पानाच्या दुकानाकडे बघितलं. तिथं कुणी नव्हतं.

रखमाबाई खाली बसली, बकुळेचं डोकं मांडीवर घेतलं, आणि पाच दिवसांत डोळ्यांतून टिपूस न काढलेली ती बाई मोठ्यानं हमसून हमसून रडली. दारापलीकडे लेझीमवाल्यांनी लेझीम खाली ठेवली, हवालदारांनी टोप्या काढल्या. मला माझं रडू आवरेना, आणि मी ते आवरलंही नाही.

मग तिनं पदरानं तोंड पुसलं, नाक पुसलं, आणि ताठ बसून म्हणाली, "कुशाबा, हिच्या पायाखाली मऊ पेंढा घाल. वला नको, सुका. आनि कोमट पानी आन."

कुशाबानं डॉक्टरकडे बघितलं, इन्स्पेक्टरकडे बघितलं, मग दाराबाहेर ओल्या पायांनी उभ्या असलेल्या आमच्या सगळ्या वाडीकडे बघितलं. आणि पेंढा आणायला गेला.